खालच्या कप्प्यातली एकटी

आमच्या प्रयोगशाळेत ‘एकटी’ हा शब्द दिवसातून इतक्या वेळा उच्चारला जातो की नवीन माणूस बावचळतो. “एकटी लावली का?” “एकटी कुठे ठेवली?” “एकटी वाढतेय की नाही?” माझ्या पाठीमागून कोणी असं ओरडलं की मी अजूनही मान वर करते आणि मग स्वतःवरच चिडते. एकटी म्हणजे मी नव्हे. एकटी म्हणजे एक प्लेट.

तशी मी चिडकी आहेच. लग्न झालं नाही म्हणून चिडकी झाले, की चिडकी होते म्हणून लग्न झालं नाही, यावर माझ्या थोरल्या बहिणीची ठाम मतं आहेत आणि ती फोनवर ती ऐकवत असते. मी फोन कानापासून जरा लांब धरते आणि भांडी घासते. तिचं बोलून संपलं की “जेवलीस का?” असं विचारते आणि फोन ठेवते. खरं सांगायचं तर तेवढाच एक आवाज घरात असतो, म्हणून मी भांडी मुद्दाम फोन येईपर्यंत ठेवून देते.

पुढचं कळायला आमचं काम काय ते थोडं सांगायला हवं. पेशीत हजारो जनुकं असतात, पण सगळी एकदम कामाला लागली तर गोंधळ उडेल. डोळ्याच्या पेशीनं डोळ्याची जनुकं चालवायची, कातडीच्या पेशीनं कातडीची. कोणतं जनुक कधी चालू व्हायचं आणि कधी गप्प बसायचं, हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. ती डीएनएवर नेमक्या जागी जाऊन बसतात. यातल्या बऱ्याच जणांचं एकट्यानं काही चालत नाही. एक जाऊन जागा धरतं, दुसरं येऊन त्याला चिकटतं आणि दोघं मिळून जनुक चालू करतात. तेच पहिलं प्रथिन तिसऱ्याच कोणाला चिकटलं तर तेच जनुक बंदही पडतं. म्हणजे प्रथिन कोणतं, यापेक्षा ते कोणाबरोबर आहे, यावरच पुष्कळ काही ठरतं. हे मी एकदा बहिणीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतेय तुला?”

आमच्या जोडीची खरी नावं अक्षरं आणि आकडे मिळून झालेली आहेत. म्हणताना दात दुखतात. म्हणून आम्ही त्यांना आत्या आणि मामा म्हणायचो. जखम झाली की कातडीच्या पेशींना कामाला लावणारं एक जनुक आहे. त्याच्यापाशी आत्या जाऊन बसते, हे आधीच माहीत होतं. मामा आल्याशिवाय तिचं तिथे काही चालत नाही, ही कल्पना मास्तरांची. “एक बापाकडची, एक आईकडचा,” ते म्हणाले होते. “दोन्हीकडची माणसं हजर नसतील तर घरात काही हलतं का?” नावं तेव्हापासून पडली.

मास्तर म्हणजे माझे सहकारी. आधी शाळेत शिकवायचे, तिथून या कामाकडे वळले. टोपणनाव मात्र शाळेतूनच बरोबर आलं. वयानं माझ्यापेक्षा मोठे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दुसऱ्या गावी. दुपारी आम्ही दोघं खिडकीजवळच्या टेबलाशी डबा खायचो, कारण बाकीची तरुण मंडळी खाली कँटीनमध्ये जायची आणि आम्हाला तिथला गोंगाट सोसवत नसे. काय बोलायचो? काही नाही. भाजीत मीठ कमी आहे, वरच्या ऑफिसातून साहेबांचं पत्र आलं, सेंट्रिफ्यूजचं यंत्र पुन्हा थरथरायला लागलंय. पण दिवसभरात मी कोणाशी काही न शिकवता, न मागता, न रागावता बोलत असेन, तर तो हाच अर्धा-पाऊण तास. सकाळी डबा भरतानाच मला बरं वाटायला लागायचं.

आता प्रयोग. आत्या-मामा एकमेकांना खरंच धरतात का, हे बघायला आम्ही यीस्ट वापरायचो, पावात घालतात त्याचंच भावंड. यीस्टचं स्वतःचं एक जनुक चालू करणारं प्रथिन असतं. त्याचे दोन तुकडे करायचे. जागा धरणारा तुकडा आत्याला जोडायचा, जनुक चालू करणारा तुकडा मामाला. तुकडे वेगवेगळे असताना काहीच होत नाही. पण आत्या आणि मामा एकमेकांना चिकटले, तर त्यांच्याबरोबर ते तुकडेही जवळ येतात, जनुक चालू होतं आणि प्लेटवर वाढलेले यीस्टचे ठिपके निळे होतात. नाही चिकटले, तर ठिपके पांढरेच राहतात.

पण निळी प्लेट दिसली की लगेच नाचायचं नसतं. काही प्रथिनं लबाड असतात. त्यांच्या अंगातच जनुक चालू करायची ताकद असते, जोडीदार असो वा नसो. तेव्हा मामाशिवाय नुसती आत्या घातलेली एक प्लेट शेजारी लावावी लागते. तीच आमची एकटी. एकटी पांढरी राहिली पाहिजे. ती निळी झाली तर जोडीच्या निळ्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय एक ‘रिकामी’ लावायची. तिच्यात आत्याही नाही आणि मामाही नाही, नुसते तुकडे. ती कधीच निळी होत नाही.

आमचा इनक्युबेटर, म्हणजे प्लेटा उबेत ठेवायचं कपाट, म्हातारं झालं होतं. त्याचा खालचा कप्पा थंड राहतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीचा त्रास असा की ती कोणाच्याच डोक्यात राहत नाही. जोडीची प्लेट वरच्या कप्प्यात, कारण तिची सगळ्यांना घाई. एकटी आणि रिकामी खाली. एकटीवरचे ठिपके नेहमी बारीक राहायचे. मास्तर प्लेट उजेडात धरून म्हणायचे, “बघा, जोडीदार नसला की खाल्लेलं अंगाला लागत नाही.” सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचे, कारण आपण हसलो नाही तर लोक आपल्याकडे बघतात. ठिपके बारीक का, हा प्रश्न त्या हसण्यातच निकालात निघाला. पुन्हा कोणी विचारला नाही.

जोडी खरी ठरली तर कामाचा पुढचा टप्पा मंजूर होणार होता आणि पुढच्या टप्प्याबरोबर मास्तरांच्या नोकरीची मुदतही वाढवून मिळणार होती. नाही ठरली तर त्यांची जागा संपणार होती. हे साहेबांनी स्पष्ट लिहिलं होतं. मास्तरांची मुलगी फोनवर “बाबा, आता इकडेच या” म्हणून मागे लागली होती. ते डबा खाता खाता तिला म्हणायचे, “हो गं. निकाल लागला की मग. आता नको विचारूस.” मी भाजीकडे बघत ते ऐकायचे. निकाल लागला की मग. म्हणजे चांगला लागला की ते राहणार. मी त्या वेळी जितक्या मनापासून आत्या-मामाचं भलं चिंतलं, तितकं घरच्या कुठल्या नातेवाइकाचं कधी चिंतलं नसेल.

सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी आम्ही प्लेटा बाहेर काढल्या. जोडी सुरेख निळी. एकटी पांढरी, रिकामी पांढरी. आमची ही तिसरी खेप आणि तिन्ही वेळा हेच. मास्तरांनी फोटो काढले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “चला, लागला निकाल. सुट्टीनंतर अहवाल पाठवून टाकू.” मला इतका आनंद झाला की मी एका विद्यार्थिनीला घरी लवकर जायची परवानगी दिली. ती बिचारी घाबरून मला बरं नाही का असं विचारत बसली. प्लेटा फेकायचं काम माझ्याकडे होतं. त्या आनंदात मी त्या तशाच कपाटात ठेवून घरी गेले.

सुट्टीत लोक काय करतात हे मला कळत नाही. मी पडदे धुतले. बहिणीचा फोन येऊन गेला. रस्त्यावर माणसं जोडीजोडीनं फिरत होती आणि माझ्या खिडकीखालच्या बाकावर बसून निवांत भांडतही होती. मला त्यांच्या भांडणाचासुद्धा हेवा वाटला. प्लेटा फेकायच्या राहिल्या आहेत ही आठवण झाली तेव्हा मला अक्षरशः हायसं वाटलं. कपडे बदलून मी प्रयोगशाळेत गेले. इमारतीत वॉचमनशिवाय कोणी नव्हतं आणि त्यानंही मला बघून “आजपण?” एवढंच म्हटलं.

कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात एकटी निळी झाली होती.

पुसट नाही, चांगली निळी. ठिपकेही आता मोठे झाले होते. माझं पहिलं म्हणणं असं, की फार दिवस राहिल्या की कुठल्याही प्लेटा निळसर होतात, त्यात काय. मी घाईघाईनं शेजारची रिकामी उचलली. ती पांढरीशुभ्र होती. तोच कप्पा, तितकेच दिवस. म्हणजे निळं होणं हे शिळेपणाचं नव्हतं, आत्याचं होतं. तिला मामाची गरज नव्हती. ती पहिल्यापासून आपली आपण जनुक चालू करत होती, फक्त थंड कप्प्यात ते उशिरा दिसत होतं आणि आम्ही ते दिसायच्या आत प्लेट फेकून देत होतो. जोडीदार नसल्यामुळे ती खुरटली नव्हती, गारठली होती. मी स्टुलावर बसले. हसू येत होतं आणि रडूही, पण त्या रिकाम्या खोलीत दोन्ही करायची लाज वाटली.

यावरून आत्या-मामा एकमेकांना धरत नाहीत असं सिद्ध होत नव्हतं, हे मी स्वतःला बजावलं. धरतही असतील. पण आमच्या निळ्या रंगाला ते सांगता येत नव्हतं आणि आमच्याकडे त्या रंगाशिवाय काहीच नव्हतं.

पिशवीत घालून टाकून देणं एका हाताचं काम होतं. फोटो काढून झाले होते. ते खोटे नव्हते. त्या दिवशी एकटी पांढरीच होती. कोणीही सुट्टीत इथे येत नाही. कोणी विचारलं नसतं. माझ्या मनात हे आलं, आणि नुसतं आलं नाही, बराच वेळ येऊन बसलं. मला विज्ञानाची चाड आहे वगैरे भाषणं मी विद्यार्थ्यांना देते. पण त्या स्टुलावर मला फक्त एवढंच दिसत होतं, की समोरची खुर्ची रिकामी होणार. आयुष्यात मला फार काही मिळालं नाही आणि मी फार मागितलंही नाही. दुपारचा तो अर्धा-पाऊण तास मात्र मला हवा होता.

प्लेटा मी फेकल्या नाहीत. नव्या लावल्या, यावेळी तिन्ही वरच्या कप्प्यात. सुट्टीभर जाऊन बघत राहिले. जोडी निळी झाली त्याच दिवशी एकटीही निळी झाली. मी पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. दुसऱ्यांदा लावताना, या वेळी तरी पांढरी राहू दे म्हणून मी मनात कोणाला तरी विनवलं, हे मी कोणाला सांगणार नाही.

सुट्टीनंतर मास्तर आले ते नवीन चप्पल घालून आणि चांगल्या मूडमध्ये. सकाळभर मी त्यांच्या वाटेला गेले नाही. डब्याच्या वेळी बसलो. त्यांनी अहवालाची गोष्ट काढली तेव्हा मी घास खाली ठेवला.

“मास्तर, एकटी निळी झाली.”

ते चावायचे थांबले. “रिकामी?”

“पांढरी.”

पहिला प्रश्न अचूक तोच विचारला म्हणून त्यातल्या त्यात मला त्यांचा अभिमान वाटला.

“वर ठेवून पाहिलीत?”

“दोनदा. दोन्ही वेळा जोडीबरोबरच निळी झाली. खाली थंडीत मागे पडत होती, बास.”

ते डबा तसाच सोडून उठले. कपाट उघडून त्यांनी खालच्या कप्प्यावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही. मग परत येऊन बसले.

“गार आहे,” ते म्हणाले. “हे माहीत होतं की मला.”

“सगळ्यांनाच माहीत होतं.”

“आणि मी आपला अंगाला लागत नाही, अंगाला लागत नाही करत बसलो. शाळेतल्या पोरानं असं केलं असतं तर बाकावर उभा केला असता त्याला.” त्यांनी डोळे चोळले. मग मान हलवून म्हणाले, “बरं झालं तुम्ही आधी बघितलंत. अहवाल गेला असता तर तोंड दाखवायला जागा नव्हती.”

मला वाटलं होतं ते खचतील. मी आठवडाभर त्यासाठी वाक्यं तयार केली होती. ती घशाशीच राहिली आणि भलतंच बाहेर पडलं. “मला माफ करा. माझ्यामुळे तुम्हाला जावं लागणार.”

“तुमच्यामुळे?” त्यांना खरंच कळलं नाही. “अहो, मी जाणारच होतो. पोरीनं खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय माझ्यासाठी.”

“पण तुम्ही म्हणत होतात, निकाल लागला की मग...”

“हो, निकाल लागला की मग निघतो, असं. अर्धवट काम टाकून कसं जायचं? लागेल तो लागो, लागला की निघायचं, ठरलेलंच होतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला सांगितलं नव्हतं का मी?”

“नाही.”

“अरे! सांगायचं राहूनच गेलं बघा.”

त्यांनी वाक्य अर्धं सोडलं होतं आणि उरलेलं अर्धं माझं मी जोडलं होतं. चांगला लागला की राहणार, हे त्यांच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. मी ज्याच्यासाठी प्लेट पिशवीत घालायला निघाले होते ते माझ्या डोक्याशिवाय कुठेच नव्हतं.

“रागावलात का?” त्यांनी विचारलं.

“छे,” मी म्हणाले.

राग नव्हताच. पण रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाला आपण जातोय हे सांगायचं राहून जातं, याचा अर्थ मला लगेच कळला, आणि तो मला लागला. त्यात त्यांचा काही दोष नव्हता, म्हणून जास्तच लागला. दोष असता तर भांडता आलं असतं. मला तेव्हा फार एकटं वाटलं. घरी वाटतं तसं नाही. घरी निदान समोर कोणी बसलेलं नसतं.

त्यांनी डबा पुढे केला. “खा हो. रिकाम्या पोटी साहेबांना लिहू नये.” मी खाल्लं. चव कळली नाही.

दुपारी मी साहेबांना लिहायला बसले. मास्तर माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी टाइप केलं, “माझ्या चुकीमुळे आधीचे तिन्ही निकाल ग्राह्य धरू नयेत.”

“माझ्या कशाला?” मागून आवाज आला. “कप्पा मी ठरवला, विनोद मी केला.”

“तुम्ही चाललातच. तुमच्या नावाला जाता जाता बट्टा कशाला?”

“चाललो म्हणून काय झालं? चूक इथे ठेवून जाऊ आणि नाव घेऊन जाऊ? दोघांनी केलीय ती. मी विनोद केला, तुम्ही हसलात. घाला दोघांची नावं.”

मी ‘माझ्या’ पुसून ‘आपल्या’ लिहिलं.

“अंहं.” त्यांच्यातले मास्तर जागे झाले. “साहेबांना लिहिताना ‘आपल्या’ नको. ते म्हणतील मी कशात आलो? चूक तुमची आणि माझी आहे, त्यांची नाही. ‘आमच्या’ लिहा.”

मी ते अक्षर न् अक्षर पुसलं आणि लिहिलं, “आमच्या चुकीमुळे.” खाली दोघांची नावं घातली, त्यांचं वर, माझं खाली. ते “ठीक आहे” म्हणाले आणि सामान आवरायला त्यांच्या टेबलाकडे गेले. मी ते वाक्य गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा वाचून पाहिलं, आणि मग पाठवलं.